घाटातली लाइन आणि शिकणारा राउटर: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या अकरा शाखा आहेत. मुख्य कार्यालय आणि तीन शाखा कोल्हापूर शहरात, बाकीच्या राधानगरी, आजरा, चंदगड, गगनबावडा अशा तालुक्यांत आणि दोन घाटाखाली, वैभववाडीला नि कणकवलीला. आयटी मी बघतो, हाताखाली एक मुलगा आहे. सीबीएस, म्हणजे खात्यांचे सगळे व्यवहार ज्यावर होतात ते बँकिंग सॉफ्टवेअर, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरवर चालतं, म्हणजे लाइन गेली की काउंटर बंद. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या शाखांतले साधे राउटर काढून एसडी-वॅनचे, म्हणजे दोन-तीन लाइन एकत्र सांभाळणारे, बॉक्स बसवले. विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं होतं की बॉक्स मशीन लर्निंगने प्रत्येक लाइनचा स्वभाव शिकतो आणि कुठलं काम कुठल्या वाटेने पाठवायचं ते स्वतः ठरवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. करार चालू आहे, आणि पुढे जे लिहिलंय ते या जातीचा कुठलाही बॉक्स घेताना तपासून बघण्यासारखं आहे.

निकाल आधीच सांगतो. आठ शाखांत बॉक्स ठेवला, शहरातल्या तीन शाखांतला काढून टाकला.

घ्यावासा का वाटला, ते सांगायला हवं. जुना राउटर एवढंच बघायचा की लाइन जिवंत आहे की मेली. मेली तर दुसरीवर जायचा. पण आमच्याकडे लाइन मरण्यापेक्षा आजारी पडते जास्त. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरतं, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळायला लागतात, आणि पिंग (लाइन जिवंत आहे का हे बघणारी चाचणी) मात्र चालू असतो. गगनबावड्याच्या कॅशियर ताईंचा फोन यायचा, "ओ सर, लाइन हाय म्हंत्यात, पण एंट्री पडंना. माणसं थांबल्यात." मी इथून बघायचो तर सगळं हिरवं.

ही गळती दिसायला किरकोळ असते. समजा डेटा सेंटरपर्यंत जाऊन यायला ५० मिलिसेकंद लागतात आणि शंभरातलं एकच पॅकेट गळतंय. जुन्या पद्धतीच्या टीसीपीवर (गळालेलं पॅकेट परत पाठवणारी नियमावली) एका कनेक्शनचा वेग तेवढ्यानेच साधारण ३ मेगाबिटला अडकतो, मग लाइन १०० मेगाबिटची असली तरी. गळती चार टक्क्यांवर गेली की त्याच्याही निम्मा. आणि इंटरनेटवर मोठ्या नेटवर्कांमधली वाट ठरवणारा जो मुख्य प्रोटोकॉल, बीजीपी, तो लाइन तुंबली आहे का हे बघतच नाही. कुणाकुणाच्या नेटवर्कांतून जावं लागतं आणि कुणाशी काय करार आहे, त्यावर तो चालतो. त्यामुळे आजारी लाइन ओळखायचं काम आपल्याच टोकाला कुणीतरी करावं लागतं.

बॉक्स ते असं करतो: प्रत्येक वाटेवर दर सेकंदाला छोटी छोटी पॅकेट सोडतो आणि तीन गोष्टी मोजतो. जायला-यायला किती वेळ लागला, त्या वेळेत चढउतार किती, आणि किती गळाली. इथपर्यंत लर्निंग वगैरे काही नाही, असे बॉक्स आधीपासून होते आणि तुम्ही घालून दिलेला आकडा ओलांडला की ते लाइन बदलायचे. आमचा बॉक्स या मोजण्या महिनोन्‌महिने साठवतो, त्यावरून कुठल्या वारी, कुठल्या तासाला कुठली लाइन कशी वागते याचा अंदाज बांधतो, आणि प्रत्येक कामासाठी प्रत्येक लाइनला गुण देतो. सीबीएसला एक गुण, सीसीटीव्हीला वेगळा, फोनला वेगळा.

याचा पहिला खरा फायदा दिसला तो पिग्मीच्या वेळेला. संध्याकाळी साडेपाचनंतर पिग्मी एजंट मशीन घेऊन शाखेत येतात आणि दिवसाची वसुली चढवतात. चंदगडला दुसरी लाइन म्हणजे फोर-जीचं सिम. नेमक्या त्याच वेळेला गावातला टॉवर तुंबतो, कारण सगळा गाव तेव्हा मोबाइलवर असतो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सव्वापाच वाजताच बॉक्सने सीसीटीव्हीचं बॅकअप थांबवलंय आणि पिग्मीचं काम सिमवरून उचलून फायबरवर आणलंय. टॉवर तुंबायच्या आधी. मी असा कुठलाही नियम लिहिला नव्हता. एजंटांची रांग त्या महिन्यापासून कमी झाली, आणि तिथल्या शाखाधिकाऱ्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं. या एका कामासाठी मी बॉक्सला पूर्ण गुण देतो.

आता अडचणी.

पहिली अडचण पंधरा दिवसांतच आली, तीही मुख्य कार्यालयात. सगळ्या शाखांचे टनेल (इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटा) कोल्हापुरात आमच्या दोन लीज्ड लाइनवर, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र लाइनवर, उतरतात. सकाळी साडेदहाला गर्दी वाढली, पहिली लाइन थोडी मंदावली, आणि अकराच्या अकरा शाखांच्या बॉक्सनी काही सेकंदांत दुसरी लाइन धरली. अर्थात दुसरी तुंबली. मग सगळे परत पहिलीवर. पाच-पाच मिनिटांनी हे चालू राहिलं. ऑपरेटर लॉगइन करतायत, स्क्रीन बाहेर फेकतेय, परत लॉगइन. प्रत्येक बॉक्स आपापल्या जागी बरोबर वागत होता, आणि आपण सगळे मिळून दुसरी लाइन भरतोय हे त्यातल्या एकालाही दिसत नव्हतं.

हा दोष जुना आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर १९७९ साली वाट ठरवायची नवी पद्धत आणली, तेव्हा प्रत्येक नोड (नेटवर्कमधला जोडसंगणक) आपल्या लाइनवरचा उशीर दहा-दहा सेकंदांच्या सरासरीने मोजायचा आणि तो सगळ्यांना कळवायचा. भार कमी असताना छान चाललं. भार वाढला की सगळा ट्रॅफिक एका लाइनवरून दुसरीवर असा झोके घ्यायला लागला. १९८७ मध्ये त्यांनी ते हिशेब बदलले आणि एका वेळी लाइनचा भाव (वाट निवडताना धरायचा आकडा) किती वर-खाली होऊ शकतो यावर मर्यादा घातली. मला हे माहीत होतं म्हणून विक्रेत्याच्या इंजिनिअरला नेमकं विचारता आलं की असली मर्यादा तुमच्या बॉक्समध्ये कुठे आहे. होती, पण बंद होती! मग लाइन बदलल्यावर किमान दहा मिनिटं परत फिरायचं नाही, आणि शाखांनी एकदम न हलता दोन-दोन करून हलायचं, असं लावून घेतलं. झोके थांबले. डेमोला एकच शाखा जोडलेली असते, त्यामुळे हे तिथे दिसणार नाही. घेणाऱ्याने पाच-सहा शाखा एकत्र जोडून, भर गर्दीच्या वेळी एक लाइन मुद्दाम मंद करून बघावं.

दुसरी गोष्ट मी सगळ्यात सविस्तर लिहितोय, कारण तिने माझी झोप उडवली होती.

गगनबावड्याला आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर होतं आणि शिवाय एक फोर-जी सिम. म्हणजे कागदावर तीन वाटा. बॉक्स दोन्ही फायबरला चांगले गुण द्यायचा, सिमला बेताचे, आणि पोर्टलवर त्या शाखेची उपलब्धता झकास दिसायची. पहिल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये एका दुपारी तिन्ही एकदम गेल्या. चार तास शाखा बंद. सोनंतारणाचे पैसे न्यायला आलेली माणसं पावसात परत गेली. त्यात एका आजोबांना दवाखान्यात पैसे भरायचे होते, ते शाखाधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. हे मला संध्याकाळी कळलं.

रात्री बसून पोर्टलवरचे तीस दिवसांचे आलेख उघडले. बॉक्स दोन फायबरचे आलेख दोन वेगळ्या पानांवर दाखवतो. ते मी एक्सेलमध्ये उतरवून एकाखाली एक ठेवले. महिनाभरात पहिल्या लाइनवर एकोणीस छोट्या घसरणी होत्या, दोन-चार सेकंदांच्या. त्यातल्या सतरा दुसऱ्या लाइनवरही होत्या, त्याच मिनिटाला. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन एकाच मिनिटाला कशाला खोकतील?

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली. कोल्हापूरपासून गगनबावडा पन्नासेक किलोमीटर. रस्त्याचं काम चालू होतं तिथे हळूहळू, कडेला बघत गेलो. एका मोरीजवळ जेसीबीने उकरलेला चर उघडाच होता. त्यात चिखलाच्या पाण्यात दोन पाइप, एक नारिंगी, एक निळा, एकमेकांना टेकून. दोन्हींवर जोड दिल्याच्या ताज्या खुणा होत्या. जोडकाम करणारा एक माणूस तिथेच ताडपत्रीखाली बसला होता. म्हणाला, "ह्यो एकाचा, त्यो दुसऱ्याचा. चर एकच हाय की. दोनदा कोण खणतंय डोंगरात?" मी विचारलं, टॉवरचं काय? त्याने निळ्या पाइपाकडे बोट केलं. टॉवरलाही त्याच पाइपातून फायबर जात होतं.

म्हणजे तीन वाटा ही फक्त कागदावरची गोष्ट होती. चर एक, म्हणून वाट एकच.

बॉक्सला हे कळायला हवं होतं का? चर त्याला दिसत नाही, हे मान्य. पण त्या सतरा घसरणी त्यानेच मोजल्या होत्या आणि त्याच्याच साठ्यात होत्या. तो प्रत्येक लाइन सुटी सुटी शिकतो. दोन लाइन एकत्र आजारी पडतात का, हा प्रश्न त्याच्या मॉडेलमध्ये कुणी घातलेलाच नाही. आमच्यासारख्या डोंगरी भागात दुसरी लाइन नेमकी कुठल्या कारणाने पडेल याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे, आणि तिथेच हे हुशार यंत्र आंधळं आहे. हे मी विक्रेत्याला लेखी दिलं, एक्सेलसकट. आता त्यांच्या नव्या आवृत्तीत दोन लाइनचे आलेख एकावर एक ठेवून बघता येतात. एकत्र पडणाऱ्या लाइनना बॉक्सने आपण होऊन कमी गुण द्यावेत, ही मागणी मात्र अजून तशीच आहे.

दिवाळीनंतर आम्ही तिथलं एक फायबर बंद करून व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशवर चालणारी उपग्रहाची लाइन, घेतलं. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. एंट्री सावकाश पडते, पण पडते, आणि चराशी त्याचा काही संबंध नाही. बॉक्सने हिवाळा-उन्हाळाभर या लाइनचा अभ्यास केला. उशीर जास्त, पण गळती जवळजवळ शून्य, म्हणून भरवशाची राखीव लाइन असं त्याने तिला ठरवून टाकलं. माझंही मत तेच झालं होतं.

मग दुसऱ्या वर्षी जूनचा पहिला मोठा पाऊस आला. गगनबावड्याचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको. फायबर गेलं. फायबर जाऊनही टॉवर त्या दिवशी चालू होता. बॉक्सने तरी व्हीसॅट निवडलं, कारण सात महिन्यांच्या अनुभवात ती लाइन एकदाही गळली नव्हती. व्हीसॅट केयू बँडवर चालतं, म्हणजे १२ ते १४ गिगाहर्ट्झ, आणि त्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. गळती वीस टक्क्यांच्या वर गेली तरी बॉक्स चिकटून राहिला, आताच्या पाच मिनिटांपेक्षा मागच्या सात महिन्यांवर त्याचा जास्त विश्वास होता. चाळीस मिनिटांनी मी हाताने सिमवर टाकलं.

कोरड्या दिवसांत शिकलेलं पावसात लागू पडलं नाही, एवढीच ही गोष्ट. सह्याद्रीत वर्षाला दोन हवामानं असतात, आणि कोरड्या महिन्यांत शिकून तयार झालेल्या यंत्राला त्यातलं एकच दिसतं. त्यावर उपाय मी केला तो अगदी साधा, शिकण्याशी संबंध नसलेला: दहा सेकंदांत गळती पाच टक्क्यांवर गेली की गुण-बिण बाजूला, लाइन सोडायची. विक्रेत्याचा इंजिनिअर आधी तयार नव्हता, म्हणाला मॉडेलच्या निर्णयात हात घालू नका. मी हट्ट धरला. त्यानंतरच्या सगळ्या पावसात हा नियम बारा-तेरा वेळा कामाला आला. काउंटरवर त्याचा पत्ताही लागला नाही.

याच्या उलटही होतं. फायबर दुरुस्त होऊन आलं तरी बॉक्स त्याच्याकडे लवकर वळायचा नाही, कारण भरवसा उडालेला असतो आणि खरा भार टाकल्याशिवाय तो परत कमावता येत नाही. छोट्या पॅकेटवरून उशीर कळतो, लाइन किती भार ओढेल हे कळत नाही. वाट शिकून ठरवण्याच्या कल्पनेइतकाच हा प्रश्न जुना आहे. बोयान आणि लिटमन या दोघा संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३६ नोडच्या संगणकावरच्या नमुन्यात क्यू-राउटिंग करून दाखवलं, त्यात प्रत्येक नोड शेजाऱ्याला विचारून शिकायचा की तुझ्याकडून पुढे किती वेळ लागेल. भार वाढला की ते सुंदर वाटा शोधायचं. भार उतरला की मात्र जुनी जवळची वाट मोकळी झालीय हे त्याच्या लवकर लक्षात यायचं नाही, कारण तिकडे कुणी जातच नसे. आमच्या बॉक्समध्ये आता रात्री दहानंतर बॅकअपचा थोडा हिस्सा मुद्दाम सोडलेल्या लाइनवरून पाठवतो. ग्राहक नसताना चाचणी होते आणि सकाळी फायबर परत वापरात येतं.

एमटीयूचं, म्हणजे लाइनवर मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटचं, थोडक्यात. बॉक्स टनेलमध्ये गुंडाळून पॅकेट पाठवतो, त्यामुळे १५०० बाइटचं पॅकेट आत मावत नाही. चाचणीची पॅकेट छोटी असल्याने बॉक्सला सगळं ठीक दिसतं. आजऱ्याला पासबुक छापलं जायचं पण मोठा रिपोर्ट उतरायचा नाही. टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १३५० बाइटला बांधला आणि सुटलं. बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी करायचं काम आहे हे.

लॉगबद्दल माझी तक्रार वर्षभर होती. लाइन बदलली की नोंद यायची: जुना गुण ०.७१, नवा गुण ०.५८, बदल केला. का? त्याचं उत्तर नाही. व्यवस्थापक मंडळासमोर मी काय सांगू, की यंत्राला वाटलं? नव्या आवृत्तीत कारणाचा रकाना आला, "चढउतार वाढला", "या तासाला नेहमी गळती होते" असं काहीतरी लिहिलेलं असतं. परिपूर्ण नाही, पण माझ्या हाताखालचा मुलगा आता मला न विचारता निम्म्या तक्रारी सोडवतो.

सगळं नियंत्रण विक्रेत्याच्या क्लाउडमध्ये आहे. त्याची चाचणी मी स्वतः घेतली: एका रविवारी क्लाउडकडे जाणारा रस्ता तोडला आणि दोन तास बघत बसलो. बॉक्स शेवटच्या आदेशावर चालू राहिला, लाइन बदलायचं कामही स्थानिक पातळीवर करत राहिला, फक्त नवीन शिकणं थांबलं. चांगलं आहे. तरी प्रत्येक शाखेत कन्सोलला (बॉक्समध्ये थेट शिरायच्या दाराला) वेगळं सिम लावून ठेवलंय, बॉक्सच्या नेटवर्कशी ज्याचा संबंध नाही असं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तास बंद होतं ते देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने, आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातली साधनंही त्याच नेटवर्कवर असल्याने त्यांनाच आत शिरता येईना. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झालं ते आम्हालाही होऊ शकतं, आणि त्यापुढे सिमचा महिन्याचा खर्च काहीच नाही.

पैशांचं सांगायचं तर बॉक्स स्वतः महाग नाही, वर्षाचं लायसन्स महाग आहे. तीन वर्षांत लायसन्सची रक्कम बॉक्सच्या किमतीच्या पुढे जाते. लायसन्स संपलं की शिकणं बंद आणि उरतो साधा राउटर, हे करारात बारीक अक्षरांत होतं. कोल्हापूर शहरातल्या तीन शाखांत दोन चांगली फायबर आहेत, दोन वेगळ्या दिशांनी येतात, हे मी या वेळी खांब मोजत चालत जाऊन बघितलं. तिथे साधा फेलओव्हर, म्हणजे एक लाइन मेली की दुसरी, पुरतो. त्या तिन्हींचं लायसन्स सोडलं आणि त्या पैशांत राधानगरीला व्हीसॅट बसवलं.

सपोर्टला फोन केला की पहिला माणूस स्क्रिप्ट वाचतो, त्यात अर्धा तास जातो. दुसऱ्या पातळीवरचे इंजिनिअर जाणकार आहेत आणि ऐकून घेतात. आमच्याकडे येणारा मुलगा सांगलीचा आहे, भर पावसात शाखेत येऊन बसतो, त्याच्याबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं.

मार्चमध्ये नूतनीकरण आहे. विक्रेत्याला तीन अटी लेखी कळवल्या आहेत: सगळ्या मोजण्यांचा कच्चा डेटा आम्हाला दर महिन्याला मिळावा, पावसाळ्याचं आणि कोरड्या दिवसांचं शिकणं वेगळं ठेवता यावं, आणि कुठल्याही दोन लाइन एकत्र पडायला लागल्या तर बॉक्सने त्याच दिवशी कळवावं. पहिल्या अटीला त्यांनी होकार दिलाय. दुसरीवर बोलणं चालू आहे. तिसरीसाठी मी ते एक्सेल आणि त्या मोरीजवळच्या चराचा फोटो पुन्हा पाठवलाय.